चोच पाण्यात शिरताना

कुंभारगावच्या काठावरून होडी सुटते तेव्हा उजनीच्या पाण्यावर अजून धुके असते. होडीत आम्ही पाच जण होतो आणि पाच जणांत मिळून सात लेन्स. नाववाला पिढीजात मासेमार. आजही जाळे टाकतो, पण हिवाळ्यातली सकाळ त्याने आमच्यासारख्यांसाठी राखून ठेवलेली असते. एका उथळ जागी त्याने बांबू चिखलात रोवून होडी थांबवली. समोर पंधरा-वीस पावलांवर राखी बगळा उभा होता. पाच मिनिटे गेली, दहा गेली. बगळा हलेना. माझ्या शेजारचा तरुण कंटाळून कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधीची चित्रे चाळू लागला. तेवढ्यात नाववाला हळू आवाजात म्हणाला, "सर, बटणावर बोट ठेवा आता. मान बघा त्याची."

मान खरेच बदलली होती. मघाशी सरळ होती, ती आता मागे खेचून दुमडली होती आणि डोके किंचित एका बाजूला कलले होते. पाणी फुटले. पाचही कॅमेरे एकदम कडकडले. बगळ्याने चोच वर काढली ती रिकामी.

"गेला," नाववाला म्हणाला. मासा गेला की फोटो गेला, ते त्याने सांगितले नाही. शेजारच्या तरुणाने त्या वीस-पंचवीस चौकटी तिथल्या तिथे पुसून टाकल्या.

चोचीत आडवा मासा, भोवती थेंबांचा चुरा, पक्ष्याच्या डोळ्यात उन्हाचा ठिपका: हे चित्र आज इतके सर्रास झाले आहे की ते कॅमेऱ्याइतकेच जुने असावे असे वाटते. तसे ते नाही. पक्ष्यांच्या छायाचित्रणाला दीडशे वर्षे होत आली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे पाणथळीचा पक्षी मासा पकडताना जवळजवळ कुणीच टिपला नाही. का टिपला नाही, मग कसा टिपता येऊ लागला आणि टिपल्यावर काय कळले, हा या लेखाचा विषय आहे. काय कळले नाही, हाही.

बगळा पाहण्याची आपली परंपरा कॅमेऱ्याहून अर्थातच फार जुनी. 'बकध्यान' या एका शब्दात एक नेमके निरीक्षण आहे आणि एक निवाडाही आहे. एका पायावर तासन्‌तास उभा राहणारा पक्षी माणसाने पाहिला आणि त्यात ढोंगी साधू ओळखला. पंचतंत्रातला म्हातारा बगळा माशांना तळे आटण्याचे भय घालतो, दुसऱ्या तळ्यात पोचवतो म्हणून एकेकाला उचलून खातो आणि शेवटी खेकड्याच्या नांगीत मान गमावतो. मराठी मुले त्याच बगळ्याकडे कवडी मागतात आणि मग नखांवर पांढरे ठिपके उमटले का ते बघतात. म्हणजे तो लबाडही आहे आणि दाताही. पण ध्यान आणि भोजन यांच्या मधला जो क्षण, त्याविषयी गोष्टी आणि गाणी गप्प आहेत. त्याला इलाज नव्हता. तो क्षण उघड्या डोळ्याला दिसतच नाही.

कॅमेऱ्यालाही तो बराच काळ दिसत नव्हता. सुरुवातीच्या ओल्या काचपट्ट्या काही सेकंद प्रकाश मागत. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या पट्टीची कृती प्रसिद्ध केली. पुढच्या दहा वर्षांत त्या पट्ट्या बाजारात आल्या, वेगवान झाल्या आणि सेकंदाच्या तुकड्यांत चित्र घेणे शक्य झाले. त्याचा पहिला मोठा लाभ पक्ष्यांच्या उडण्याला मिळाला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता, नळी, चाप, सगळे बंदुकीसारखे. गोळीच्या जागी फिरणारी काचेची तबकडी होती आणि तिच्यावर सेकंदाला बारा चित्रे उमटत, प्रत्येक सेकंदाच्या सातशेविसाव्या भागात. मारे हिवाळा नेपल्सजवळ पोसिलिपोला घालवत असे. समुद्रपक्ष्यांवर नेम धरून बार न काढणाऱ्या या गृहस्थाला तिथले लोक पोसिलिपोचा वेडा म्हणत. 'शूट', 'शॉट' हे शब्द छायाचित्रणात कुठून आले यावर वाद घालता येईल, पण मारेच्या हातात ते वस्तुरूपाने होते हे खरे.

दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, प्रशियातल्या लिसा गावच्या (आजचे पोलंडमधले लेश्नो) ओटोमार आन्शूट्झने पांढऱ्या करकोच्यांची चित्रे घेतली. घरट्यावर उतरणारे, पंख पसरलेले, पाय लोंबणारे करकोचे. त्याच्या कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाई. ती चित्रे पाहून ओटो लिलिएन्थाल भारावला. करकोच्याच्या पंखांच्या अभ्यासावर त्याने १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणाविषयीचे आपले पुस्तक लिहिले आणि मग स्वतःच पंख बांधून टेकडीवरून झेपावू लागला. १८९६ मध्ये अशाच एका झेपेत पडून तो गेला. विमानाच्या पूर्वजांत एक छायाचित्रातला करकोचा आहे, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नसते कोण जाणे.

आता हजारावा भाग हाती आल्यावर मासेमारी टिपायला हरकत काय होती? हरकत अंतराची होती. दूरचे ओढून आणणाऱ्या लेन्स नव्हत्या. पक्षी काचेवर ओळखू येण्याइतका मोठा हवा, तर अगदी जवळ जायला हवे. मासे धरणारा बगळा आज इथे तर उद्या तिथे, आणि माणूस दिसला की क्वॉक करून उडालाच. तो हमखास परत येईल अशी जागा एकच होती: घरटे. म्हणून १८९० नंतरची सुमारे साठ वर्षे पक्ष्यांचे छायाचित्रण म्हणजे घरट्याचे छायाचित्रण. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी त्यासाठी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करून घेतला आणि त्याच्या पोटात बसून चित्रे काढली. आज हसू येते. पण झाडाच्या फांदीवर काचपट्ट्यांचे ओझे घेऊन लटकणाऱ्या त्या माणसांच्या चिकाटीला हसता येत नाही.

आणि या घरट्यांच्या चित्रांनी मोठी कामे केली, हेही सांगितले पाहिजे. १९११ मध्ये एमा टर्नर या बाईंनी नॉरफोकच्या दलदलीत बिटर्नच्या, म्हणजे लव्हाळ्यात लपणाऱ्या तपकिरी बगळ्याच्या, पिल्लाचे चित्र घेतले. ब्रिटनमध्ये हा पक्षी पैदाशीपुरता संपला असे पक्के समजले जात होते. तो परतला याचा पुरावा म्हणजे ते चित्र.

त्याच्याही आधी पाच वर्षे ऑस्ट्रेलियात जे घडले ते मात्र जरा सविस्तर सांगावेसे वाटते, कारण त्यातला एक धागा मुंबईपर्यंत येतो.

विणीच्या दिवसांत पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर जाळीदार, तलम पिसे फुटतात. युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांवर ही पिसे खोवण्याची फॅशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिगेला पोचली आणि वजनाला वजन धरले तर ती सोन्याहून महाग झाली. ही पिसे विणीच्याच वेळी असतात, म्हणजे बगळा घरट्यापाशी सापडतो तेव्हाच. आणि पिल्ले असली की बगळा घरटे सोडून पळतही नाही. शिकाऱ्याला याहून सोपे काय? न्यूयॉर्कमध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १८८६ साली रस्त्यात उभे राहून बायकांच्या टोप्या मोजल्या. सातशे टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. पक्षी पाहण्याची ही पद्धत मला तरी दुसरीकडे कुठे वाचल्याचे आठवत नाही.

ए. एच. ई. मॅटिंग्ली हा मेलबर्नचा हौशी पक्षिनिरीक्षक. १९०६ मध्ये तो न्यू साउथ वेल्समधल्या मथूरा गावाजवळच्या दलदलीत बगळ्यांची वसाहत टिपायला गेला. गमचे उंच वृक्ष, खाली पाणी, पाठीवर जड कॅमेरा. चित्रे काढून परतला आणि काही आठवड्यांनी पिल्ले किती वाढली ते बघायला पुन्हा गेला. वसाहत शांत होती. पिसांसाठी मारलेल्या पक्ष्यांची कलेवरे पडली होती आणि वर घरट्यांत पिल्ले माना टाकून, चोची वासून अन्नाची वाट बघत होती. दुसरा कुणी बगळा वरून उडाला की तीही चोच उघडत. मॅटिंग्लीने ते टिपले. १९०७ मध्ये ही चित्रे 'इमू' या ऑस्ट्रेलियन नियतकालिकात छापली गेली आणि तिथून जगभर गेली. इंग्लंडमध्ये १८८९ साली बायकांनीच पिसांच्या विरोधात सुरू केलेल्या पक्षिसंरक्षण संस्थेने १९११ मध्ये त्यांचे फलक केले. माणसे ते फलक पाठी-पोटाला बांधून लंडनच्या रस्त्यांतून, टोप्यांच्या दुकानांसमोरून हिंडली. कायदा व्हायला १९२१ साल उजाडले, पण झाला.

ती चित्रे मी पुनर्मुद्रित स्वरूपात पाहिली आहेत. तांत्रिकदृष्ट्या आजच्या कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होतील अशी. करडी, धूसर. त्यांत दिसतात ती भुकेली पिल्ले, आणि ती भुकेली आहेत कारण मासा घेऊन येणारे कुणी उरलेले नाही. बगळ्याच्या मासेमारीविषयी आजवरचे सर्वांत परिणामकारक छायाचित्र कोणते, असे मला विचारले तर मी हेच सांगेन. त्यात मासा नाही आणि मासा धरणारा पक्षीही नाही.

मुंबईचा धागा असा. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्येच पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली होती, म्हणजे विलायतेतल्या आयातबंदीच्या बरीच आधी. बंदी आली तशी चोरवाटही आली. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता; १९३६ पर्यंत होता. तिथल्या तळ्यांकाठची मासेमार कुटुंबे बगळे पाळत. कुडाच्या खोप्यांत त्यांची वीण होई, त्यांना रोज मासे घालत आणि ठरलेल्या काळाने पाठीवरची पिसे काढून घेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ च्या सुमारास या 'बगळ्यांच्या शेती'वर लिहिले गेले. पक्षी मारला जात नाही, तर मग ही पिसे विकू द्यावीत काय, हा प्रश्न तेव्हा गंभीरपणे चर्चिला गेला. पिंजऱ्यातल्या बगळ्याला मासा घालणारा सिंधी मासेमार आणि होडीतल्या आम्हा लोकांसाठी बगळा शोधणारा उजनीचा मासेमार यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे. दोघांच्याही चुलीला बगळ्याचा हातभार. फरक आहे तो पुष्कळ आहे, तरीही हे साम्य माझ्या मनातून जात नाही.

भारतात पक्ष्यांचे छायाचित्रण रुजवणारेही घरट्यांचेच भक्त होते. आर. एस. पी. बेट्स हा लष्करी अधिकारी, ई. एच. एन. लोदर हा रेल्वेतला. लोदरचे 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' १९४९ साली आले. तिसरे नाव लोके वान थो यांचे. सिंगापूरचे धनाढ्य चित्रपट-व्यावसायिक. १९४२ मध्ये जपानी हल्ल्यातून पळताना त्यांचे जहाज बाँबने पेटले, ते भाजले आणि काही काळ डोळे गेले. नजर परत आली, ते हिंदुस्थानात पोचले, मुंबईत सलीम अलींशी गाठ पडली आणि पुढे त्यांच्या सोबतीने त्यांनी देशभर पक्षी टिपले. दृष्टी गमावून परत मिळालेला माणूस पक्ष्यांची चित्रे काढू लागतो, यावर कुणी कादंबरी लिहिली तर समीक्षक ते बेतलेले म्हणतील.

घरट्यांचा हा छंद निरुपद्रवी नव्हता. चित्र स्वच्छ यावे म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या बाजूला बांधल्या जात, पाने कापली जात. सावली गेली की पिल्ले उन्हात होरपळतात, आणि आडोसा गेला की कावळ्याला वाट सापडते. पुढे हे उमगले. आज आपल्याकडच्या अनेक स्पर्धा आणि नियतकालिके घरट्याचे चित्र हातीही धरत नाहीत. मारुती चितमपल्लींनी मराठीत रुळवलेला 'सारंगागार' हा शब्द, बगळे-करकोच्यांच्या सामुदायिक घरट्यांच्या जागेसाठी, मला त्यातल्या 'आगार'मुळे फार आवडतो. घर म्हटले की आत जाताना विचारावे लागते.

घरट्यापासून कॅमेरा पाण्याकडे वळला तो फिल्मच्या उत्तरार्धात, लांब पल्ल्याच्या लेन्स आवाक्यात आल्यावर. तरी गणित अवघडच होते. स्लाइडची उत्तम फिल्म म्हणजे कोडाक्रोम ६४. भर उन्हात, चारशे मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडून ५.६ वर ठेवली, तर जेमतेम सेकंदाचा पाचशेवा भाग मिळे. बगळ्याची चोच सेकंदाला दोनच मीटर जाते असे धरले तरी तेवढ्या वेळात ती चार मिलिमीटर सरकते. म्हणजे टोक पुसट. सकाळच्या कोवळ्या उन्हात तर नावच नको. शिवाय रोल छत्तीस चित्रांचा. जोरात चालणारी मोटर लावली तर सात-आठ सेकंदांत संपला. मग थरथरत्या हाताने नवा भरा, तोवर बगळा जेवून मोकळा. रोल धुवून यायला आठवडे लागत. मी स्वतः त्या काळात तीन हिवाळे घालवले आणि मासा धरल्याक्षणीचे एकही चित्र माझ्याकडे नाही. गिळतानाची आहेत. गिळायला बगळा निवांत वेळ घेतो.

मात्र चलच्चित्रणाने तोवर दुसरीकडे कमाल केली होती आणि ती छायाचित्रकारांच्या नव्हे, शास्त्रज्ञांच्या हातून. पाण्याने भरलेल्या वाटीत नाणे टाकले की ते वर उचलल्यासारखे दिसते, हे आपण शाळेत पाहिले. सरळ वरून पाहिले तर चार बोटे खोल असलेली वस्तू तीन बोटांवर भासते. तिरके पाहावे तसा फरक वाढत जातो. बगळा तर बहुतेकदा तिरकाच पाहतो. मग त्याचा नेम बसतो कसा?

इस्रायलमधील गादी कात्झीर आणि त्यांचे सहकारी नाथन इंट्रेटर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुद्रकाठच्या बगळ्यांना पाण्यातल्या माशांवर चोच मारताना चित्रफितीवर घेऊन, डोक्याची हालचाल चौकटीगणिक मोजली. हा तोच पक्षी, जो मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसतो. काही पाटीसारखे करडे, काही पांढरे. मोजमापांतून असे दिसले की बगळा आधी डोके एका विशिष्ट जागी आणतो. तिथून माशाची भासणारी खोली आणि खरी खोली यांच्यात नियमित नाते राहते, आणि चोच सुटते ती तिथूनच. नाववाल्याने "मान बघा" म्हटले तो हाच टप्पा. बगळा ध्यान करत नसतो, जागा घेत असतो. हजारो वर्षांच्या बकध्यानाची ही उकल मला फार समाधान देते.

त्याच गटाने १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: प्रकाशाच्या या फसवणुकीला तोंड देण्यात गायबगळा इतर बगळ्यांपेक्षा कच्चा आहे. आपला गायबगळा, गुरांच्या पायांत नाकतोडे टिपत हिंडणारा. कोरड्या जमिनीवर प्रकाश वाकत नाही, तर वाकड्या प्रकाशाचा हिशेब त्याने ठेवावा कशाला?

चित्रबलाकाची तऱ्हा अगदी वेगळी. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर त्यांचे सारंगागार आहे, त्यामुळे उजनीवर ते नेहमीचे. गढूळ पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून ते चालत राहतात आणि मासा चोचीला लागला की चोच मिटते. बघण्याचा संबंधच नाही. त्याच्या अमेरिकन भाईबंदावर, वुड स्टॉर्कवर, फिलिप काहल आणि पीकॉक यांनी प्रयोग केले आणि १९६३ मध्ये आकडा प्रसिद्ध केला: स्पर्शापासून चोच मिटेपर्यंत पंचवीस मिलिसेकंद. सेकंदाचा चाळिसावा भाग. डोळ्यांनी काही पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला साधारण दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाहून दाबले असे कुणी म्हणाला, तर तो निदान आठ पटींनी उशिरा पोचला. या क्षणाचे जे चित्र आहे ते दिसण्याआधीच दाबलेल्या बटणाचे आहे. हल्लीच्या काही कॅमेऱ्यांत तर बटण दाबण्यापूर्वीच्या चौकटीही साठवण्याची सोय असते आणि सेकंदाला वीस चित्रे ही मामुली गोष्ट झाली. तेव्हा 'मी क्षण पकडला' यातला 'मी' कोण, हे विचारायला हरकत नाही.

डिजिटल कॅमेरे २००३ नंतर मध्यमवर्गाच्या हाती आले, आणि पाणथळी माणसांनी भरल्या. भिगवणसारख्या जागी तर पाणीच माणसाचे केलेले. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, भीमेकाठची गावे त्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. बगळे जे मासे धरतात त्यांत बाहेरून आलेली चिलापी पुष्कळ. म्हणजे विस्थापित गाव, परदेशी मासा, पाहुणा पक्षी. या 'निसर्गचित्रात' निसर्गाचे नेमके काय, हा प्रश्न विचारला की होडीतले लोक अवघडतात. भरतपूरचे तसेच. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सोबतीच्या बंदुकांनी ४,२७३ पक्षी पाडले आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवला. पाणथळ मुळात त्यासाठीच राखलेली. १९८५ मध्ये ती जागतिक वारसा झाली आणि आज त्या दगडासमोर उभे राहून लोक लेन्स पुसतात.

आता एक कबुली. बारा वर्षांपूर्वीची. तीन हिवाळे हात हलवत परतलेला मी नव्या कॅमेऱ्यानिशी एका गावतळ्याच्या काठी गेलो. लहान बगळा होता, पिवळ्या बोटांचा, ऊनही सुरेख. दोन तास तो काही धरेना. शेवटी मी बाजारातून आणलेल्या पिशवीतला मासा एका मुलाकरवी बगळ्यापुढे फेकवला. दुसऱ्या फेकीला जमले. चोचीत मासा, थेंबांची कमान. ते चित्र एका प्रदर्शनात लागले, मोठे करून. लोकांनी शटर किती होते ते विचारले, लेन्स कोणती ते विचारले. मासा कुठला ते कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

त्या सकाळी चहाच्या टपरीवर मी ते चित्र मोबाईलवर नाववाल्याला दाखवले. कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा रिकाम्या चोचीनंतर जरा वजन पाडायला. त्याने ते दोन बोटांनी मोठे केले. बगळ्याकडे नव्हे, माशाकडे बघितले.

"सर, हा बर्फातला आहे," तो म्हणाला. "डोळा पांढरा पडलाय."

मी काही बोललो नाही. तोही पुढे काही बोलला नाही, फक्त चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

मॅटिंग्लीची धूसर चित्रे, टर्नरबाईंचा बिटर्न, कात्झीरच्या चौकटी या सगळ्यांना किंमत आहे ती एकाच गोष्टीची: कॅमेरा तिथे होता आणि समोर घडले ते घडले. माझ्या चित्रात सगळे आहे, फक्त हे नाही. आणि अशी चित्रे माझ्या एकट्याची नाहीत. कुठे शेव-गाठी टाकून कुरव पक्षी होडीभोवती नाचवतात, कुठे पाण्यात मासे सोडून बंड्याला बोलावतात. फेकलेल्या माशामागे येणाऱ्या बगळ्याच्या चित्रावरून कुणी उद्या त्याच्या खाण्याचा, वेळेचा, जागेचा अभ्यास करू लागला तर तो फसेल. पण त्याहून साधी गोष्ट अशी, की चुकलेले नेम आपण कुणीच ठेवत नाही. बगळा पुष्कळदा चुकतो. शेजारच्या तरुणाने पुसल्या तशा चौकटी रोज देशभर पुसल्या जातात, आणि उरतो तो न चुकणारा बगळा, जो कुठल्याही पाण्यावर नाही.

प्रदर्शनातले ते चित्र मी भिंतीवरून उतरवले आहे. त्या सकाळच्या रिकाम्या चोचीच्या चौकटी मात्र ठेवल्या आहेत, तेवीस. पहिल्या दोनांत मान दुमडलेली. तिसरीत चोच पाण्याला टेकलेली आणि डोळ्यावर पांढुरका पडदा सरकलेला. चौथीत पाण्याचा शंकू, डोके आत. मी त्या नाववाल्याला पाठवल्या. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नेम कुठे चुकला ते त्याला कळले होते.

"पाचवा फोटो बघा," तो म्हणाला. "डावीकडं, खाली."

चौकट मोठी केली. तिथे, फुटलेल्या पाण्याच्या कडेला, जेमतेम करंगळीएवढी शेपूट आहे.